खिडकीतली पांझरा

गेल्या रविवारी जळगावला माझ्या मुलाच्या घरी गॅसवर लाकूड शिजत होतं. लग्नकार्याला माळ्यावरून काढतो ते मोठं पातेलं, त्यात काठोकाठ पाणी, आणि पाण्यातून वर आलेलं एका वेड्यावाकड्या फांदीचं टोक. मी धुळ्याहून एसटीने आलेली, अंग आंबलेलं. दारातच वास नाकात शिरला आणि एक चप्पल पायात, एक हातात अशी मी उभीच राहिले.

"आई, तुम्हीच विचारा यांना, वरणाला गॅस मिळणार आहे का आज," सून म्हणाली. तृप्ती तिचं नाव. शांत स्वभावाची आहे, म्हणजे माझ्या अगदी उलट.

समीर, माझा मुलगा, तिशी केव्हाच ओलांडलेला बाप्या, हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात चार फुटी काचेची टाकी, धुतलेल्या वाळूच्या बादल्या, गोटे, सुकलेल्या मुळ्या. मला म्हणाला, "आई, नदीसारखी टाकी करतोय. रंगीत खडे नाहीत, प्लास्टिकची झाडं नाहीत. नदीच्या तळाशी जसं असतं तसं. फांद्या, पाला, सगळं खरं. पाणी जरा तांबूस होतं लाकडामुळे, पण ते तसंच ठेवायचं असतं."

हे तो मला समजावून सांगत होता. मी "हो का?" म्हटलं.

"आणि लाकूड तीन-तीनदा उकळतोय बरं का. पप्पांसारखं व्हायला नको!" असं म्हणून तो हसला. त्याचं हसणं थेट माझ्यासारखं आहे, पोटातून निघून घरभर फिरणारं. तृप्तीही हसली. ती गोष्ट तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ऐकवली गेली होती. मीच ऐकवली होती.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. कुणाचं बारसं असो की साखरपुडा, जेवणं उरकली, सुपारीचा डबा फिरला, की कोणीतरी म्हणतंच, "काकू, ती सांगा ना, काकांच्या विषारी लाकडाची." मग मी पदर सावरते. मला तेवढंच येतं. पुरणपोळी माझी फाटते, रांगोळीचा मोर बदकासारखा दिसतो, पण गोष्ट मी सांगावी. तीस-पस्तीस वर्षं ती एकच गोष्ट सांगून मी लोकांना हसवत आले. माणूस गेल्यावर दोन वर्षांनीसुद्धा त्या गोष्टीत तो चुकतोच आहे, आणि लोक हसताहेत.

पातेल्यातलं पाणी तांबूस व्हायला लागलं होतं. मी ओट्याशी गेले आणि उगाच पळीने ढवळत राहिले.

ओल्या लाकडाला आधी डाळीसारखा वास येतो. मग पावसात भिजलेल्या बैलगाडीसारखा. आणि शेवटी, सगळं बाकी उडून गेल्यावर, नदीचा.

मी लग्न होऊन धुळ्याच्या देवपुरात आले ती मार्गशीर्षात. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. पांझरा नदी घरातून दिसत नव्हती, मध्ये घरांच्या दोन रांगा होत्या. पण वारा त्या बाजूने आला की शेवाळाचा वास यायचा. आमचे हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. बरण्यांमधले बेडूक, सापांचे सांगाडे, यांच्या शर्टाला येणारा तो औषधी दर्प. माझ्यासारख्या नशिराबादच्या मुलीला हे सगळं नवीनच. माझ्या मैत्रिणींना मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, "नवरा बरा आहे, पण वास दवाखान्याचा येतो."

खाटेखाली लोखंडी पट्ट्यांची चौकट असलेली एक मोठी काचेची पेटी पालथी घातलेली होती. मला वाटलं, शोकेस. किती समजूतदार माणसं, सुनेच्या रुखवतासाठी आधीच करून ठेवलं! मी ती पुसली, खिडकीपाशी मांडली आणि त्यात माझं रुखवत लावलं. मण्यांचे पोपट, लोकरीचं कुत्रं, काडेपेट्यांची बैलगाडी. हे रोज कामावरून येऊन त्या पोपटांकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. असे तीन महिने गेले. चैत्र लागला तेव्हा एक दिवस घसा खाकरून म्हणाले, "तुझे पोपट दुसरीकडे ठेवले तर चालेल का? जरा मासे आणायचे होते."

माणूस असा होता. स्वतःच्या वस्तूची परवानगी मागणारा.

चैत्रात पांझरा नदी राहत नाही, डबकी राहतात. देवपुराच्या वरच्या अंगाला, वळणावर एक डोह होता. दरवर्षी तो आटत आटत ताटाएवढा व्हायचा आणि त्यातले मासे चिखलात तडफडून मरायचे. बगळे, कावळे, पोरं, ज्याच्या हाती लागेल त्याचे. हे लग्नाच्या आधीपासून डोह आटायच्या बेताला जाऊन जमतील तेवढे मासे कळशीत भरून घरी आणायचे. उन्हाळाभर सांभाळायचे. पावसाळ्यात पूर येऊन गेला, पाणी निवळलं, की श्रावणात परत नदीत सोडायचे. मी विचारलं, "का?" तर म्हणाले, "त्या माहेरवाशिणी आहेत. उन्हाळ्यात माहेरी यायचं, पावसात सासरी जायचं."

त्या वर्षी मला बरोबर नेलं. नवराबायकोने असं मिळून कुठे जायचं म्हणजे देवाला नाहीतर दवाखान्यात. आम्ही नदीत गेलो. बरोबर सुकदेवनाना होते. नदीकाठीच राहणारे, जन्मभर मासे धरलेले म्हातारे गृहस्थ. यांची आणि त्यांची मैत्री कशी जमली देव जाणे. एक मासे मारून पोट भरणारा, एक मासे वाचवून सुट्टी घालवणारा.

मी काठावर पदर घट्ट धरून उभी. नाना ओरडले, "पोरी, साडी वर खोच, पानीमा उतर! मासा काय तुन्हा सासरा शे का लाजाले?"

मी उतरले. चिखल पोटरीपर्यंत, कोमट. बोटांमधून काहीतरी सुळकन गेलं आणि मी अशी किंचाळले की पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. हे हसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचे सगळे दात पाहिले.

बोटभर लांबीचे, अंगावरून काळी रेघ गेलेले मासे. शेपटीपाशी ठिपका असलेले चपटे. वाळूत तोंड खुपसून बसणाऱ्या, मिशा असलेल्या मुऱ्या. चार झिंगे, काचेचे असावेत असे आरपार. कळशीला ओलं फडकं बांधून आम्ही ते सगळे घरी आणले. वाटेत गेल्या पुराने झुडपांत अडकवून ठेवलेली लाकडं हे वेचत होते. बाभळीची मुळी, करंजाची फांदी, नदीकाठच्या वाळुंजाची केसांसारखी मुळं. प्रत्येक लाकूड नानांना दाखवायचे, नाना हुंगायचे, नखाने खरवडायचे, आणि "चालस" म्हणायचे.

मग आमच्या खिडकीत पांझरा झाली. दुसरा शब्द नाही त्याला. लाकडं बंबाशेजारी चूल मांडून उकळली, दोन दिवस घरभर हाच वास. तळाला नदीची वाळू, एका बाजूला गोटे, दुसऱ्या बाजूला मुळ्या अशा रचलेल्या की जणू काठच खचून आत आला आहे. वर जांभळाचा सुकलेला पाला. नळाचं पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच आत. आणि वर एक मडकं टांगलं, महादेवाच्या पिंडीवर असते तशी गळती, त्यातून सलाइनच्या नळीने थेंब थेंब पाणी. "वाहतं वाटलं पाहिजे त्यांना," हे म्हणाले.

आठ दिवसांत पाणी तांबूस झालं. सकाळी ऊन खिडकीतून आलं की सगळी टाकी पेटल्यासारखी दिसायची, आणि भिंतीवर फांद्यांच्या सावल्या हलायच्या. दुपारी मी निवडायचं ताट घेऊन तिथेच बसायची. मुऱ्या वाळूतून डोकं काढून माझ्याकडे बघायच्या. सासूसासरे गावी, शेजारणी अजून परक्या. पहिल्या उन्हाळ्यात माझं बोलणं सगळं त्या मुऱ्यांशी झालं. खोटं कशाला सांगू, त्यांनी कधी मध्येच तोडलं नाही मला.

पण ते पाणी मला आवडायचं नाही. आमच्याकडे आईने पाण्याची शिस्त लावलेली. पाणी भरलं की हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा, गाळ खाली बसतो, आणि वरचं पाणी असं की तळाची कल्हई दिसावी. घरचं पाणी कसं आहे त्यावरून बाई कशी आहे ते कळतं, असं आई म्हणायची. आणि माझ्या घरात दर्शनी खिडकीत दीडशे लिटर गढूळ पाणी! मी यांना एकदा म्हटलंही, "तुरटी फिरवते ना जराशी." हे दचकले. "नको, नको. या पाण्याला काही करायचं नाही. हा रंग लाकडाचा आहे, घाण नाही. त्यांना असंच लागतं."

हे वाक्य मी गोष्टीत कधीच सांगितलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही.

आखाजी जवळ आली. अक्षय्य तृतीया म्हणा हवं तर, पण खानदेशात आखाजी म्हटल्याशिवाय मुलींचे पाय माहेराकडे वळत नाहीत. सासुरवाशिणी माहेरी जातात, लिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. माझी पहिली आखाजी. मला न्यायला दादा, माझा थोरला भाऊ, येणार होता. मी चार दिवस घर घासत होते.

तो येणार त्याच्या आदल्या दिवशी हे नदीवरून एक फांदी घेऊन आले. तशी फांदी मी पुन्हा पाहिली नाही. राखाडी, गुळगुळीत, हरणाच्या शिंगांसारखी दोन्हीकडे फुटत गेलेली. नाना मागोमाग आले ते भांडतच.

"हाई लाकूड कसानं शे, सांग माले!"

"माहीत नाही नाना. पण देखणं आहे."

"देखनं शे, ते खरं. पन वळख नही ना त्यानी. शेरना झाडना चीक पानीमा पडना तरी मासा उलटा व्हतस. वळख नही ते घरमा लेवानं नही, भाऊ."

"उकळतो ना चांगलं," हे म्हणाले. नानांचं न ऐकलेलं मी हे पहिल्यांदाच पाहिलं. मला मागाहून हळूच म्हणाले, "तुझा भाऊ येतोय. त्याला जरा चांगलं दिसायला हवं. आणि श्रावणात तू चल सोडायला. कळशी तुझ्या हातात."

दुपारभर ती फांदी उकळली आणि संध्याकाळी मधोमध बसवली. मासे आधी लांब राहिले, मग एकेक करून तिच्यातून ये-जा करायला लागले.

दादा दुसऱ्या दिवशी आला. पिशवीत आंबे, सांजोऱ्या, आणि तोंडात नशिराबादची बोली. आत शिरला, टाकीपुढे उभा राहिला, कमरेवर हात ठेवले.

"काय व, पाव्हण्यायनं मासे चहात सोडले का काय?"

हे हसले. दादाही हसला. त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. पण मला वाटलं, हा आता घरी जाऊन आईला सांगेल. माझं पाणी असं आहे म्हणून. माझे कान तापले ते सकाळपर्यंत निवले नाहीत.

सकाळी यांना कॉलेजात जावंच लागलं, परीक्षेचे दिवस. "बारा दिवसांनी येतो घ्यायला स्टँडवर," एवढं बोलून गेले. आमची बस दुपारी. दादा न्हाणीत होता. मी तुरटीचा खडा घेतला, चांगला लिंबाएवढा, आणि टाकीत हात घातला. एकदा फिरवला, दोनदा, चारदा. माहेरी जायचं म्हणून हातभर हिरव्या बांगड्या भरलेल्या, त्या फांदीला अडकल्या, आणि खडा निसटून खाली मुळ्यांच्या मागे गेला. मी काढायला वाकले. नवी साडी ओली व्हायला लागली. दादाची न्हाणीतून हाक आली, "आटप व, बस जाईल!" मी हात बाहेर काढला. म्हटलं, राहू दे. हे येतील तेव्हा बघतील, अगदी आरशासारखं झालेलं असेल.

निघताना मी वळून पाहिलं. पाणी अजून तसंच होतं, जरा दुधाळ. आणि दोन मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. दोन नाही, पाच-सहा. मी म्हटलं भूक लागली असेल. कणकेच्या चार गोळ्या टाकल्या आणि दाराला कुलूप लावलं.

नशिराबादला त्या वर्षी झोका आमच्याच दारच्या लिंबाला होता. मी इतकी उंच गेले की मुली ओरडायला लागल्या. मुऱ्यांची नक्कल केली, यांची केली, नानांची केली. सगळ्या पोट धरून हसल्या. आई म्हणाली, "पोरगी सुखात दिसते."

होतेच मी सुखात. तेच तर आहे.

बारा दिवसांनी हे स्टँडवर उभे होते. माझी पिशवी घेतली. सायकलला अडकवली. मग पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा बांधत म्हणाले, "मासे गेले सगळे. त्याच दिवशी. लाकूड वाईट निघालं. नाना सांगत होते."

माझ्या तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण शब्द जे निघाले ते हे, "जाऊ द्या. खिडकी तरी मोकळी झाली."

घरी टाकी धुऊन पालथी घातलेली. वाळू न्हाणीमागे ढीग करून टाकलेली, तिला कुजका वास. लाकडं सगळी बंबाखाली गेलेली, ती शिंगांची फांदीसुद्धा. तुरटी? ती विरघळली असणार, मी मनाशी हिशेब केला. संध्याकाळपर्यंत राहतेय कुठे. मी सुटले.

नाना भेटले तर मान हलवून म्हणाले, "मी त्याले सांगेल व्हतं, पोरी." मी म्हटलं, "हो ना नाना." वाईट ह्याचं वाटतं की मी ते अगदी मनापासून म्हटलं.

पुढच्या चैत्रात नाना दारात आले. "भाऊ, डोह आटी राहिना. चाल." हे ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करत होते. वर न बघता म्हणाले, "नको नाना. माझ्या हाताला यश नाही." नाना दारातूनच वळले. मग एकटेच गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही आले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आले नाहीत. ते गेले होते.

कळशी मी कधीच धरली नाही. श्रावणातल्या नदीचं पाणी मासे सोडताना कसं दिसतं, मासे एकदम पळतात की क्षणभर हाताशी घुटमळतात, हे मला ठाऊक नाही. विचारलंही नाही कधी. विचारलं असतं तर पुढचं बोलावं लागलं असतं.

टाकीत मी कुरडया-पापड ठेवायला लागले. वर फळी टाकली की मुंगी शिरत नाही. समीरला ती टाकी पापडांची पेटी म्हणूनच आठवते. पुढे भंगारवाल्याला दिली, मीच दिली.

आणि गोष्ट कधी सुरू झाली? समीरच्या बारशाला असावी. कोणीतरी विचारलं, हे मासे पाळायचे ना? मी म्हटलं, "पाळायचे? अहो, विष घालायचे!" आणि लोक हसले. मग काय, मला रक्ताची चटक लागली. वर्षागणिक गोष्ट फुगली. यांनी ती फांदी शिवधनुष्यासारखी खांद्यावर आणली. मला बघायला आले तेव्हा निरखलं नसेल एवढं त्या फांदीला निरखलं. नाना "वळख नही, वळख नही" म्हणत मागे पळताहेत, आणि हे पुढे. मी काठी घेऊन चालून दाखवायची. हे कोपऱ्यात बसलेले असायचे, तेही हसायचे. मी एखादा तुकडा विसरले तर आठवण करून द्यायचे, "आणि नानांनी नाही म्हटलं होतं, ते सांग की."

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा केला. एकदा, समीर दहावीला असताना, आम्ही दोघं पुलावर पूर बघायला गेलो होतो. पाणी लाल, झाडंच्या झाडं वाहत येत होती. मी म्हटलं, "अहो, त्या आखाजीला ना..." हे म्हणाले, "ते बघ, केवढं लाकूड!" आणि कठड्यावरून वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी ते जुनं हसू पाहिलं, चिखलातलं. ते मोडायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्यांदा दवाखान्यात. शेवटचे दिवस होते, ते आम्हाला दोघांनाही कळलेलं. दुपारची वेळ, खिडकीचे पडदे ओढलेले. मी खुर्ची जवळ घेतली. हात हातात घेतला, सुया टोचून निळा पडलेला. म्हटलं, "ऐका ना. ते मासे..." तेवढ्यात दादा आणि वहिनी भेटायला आले, मागून समीर-तृप्ती. सगळ्यांची तोंडं उतरलेली. यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांग ना यांना. ती लाकडाची." आवाज अगदी कापसासारखा झालेला. "हसव जरा."

मी उठले. सलाइनचा स्टँड बाजूला केला, समीरची छत्री घेतली खांद्यावर, आणि चालून दाखवलं. नर्ससुद्धा हसली. दादाने डोळे पुसले हसता हसता. हेही हसले, मग खोकला लागला, मग पाणी पाजलं. ती मी त्यांना सांगितलेली शेवटची गोष्ट. तिसऱ्या दिवशी गेले.

"आई, फेस उतू जातोय!" तृप्तीने माझ्या हातातली पळी काढून घेतली.

समीर आत आला, पातेल्यात वाकून बघितलं. "झालं की. पण अजून एक उकळी देऊ. पप्पांनी पण उकळलं होतं ना, तरी व्हायचं ते झालंच." आणि तृप्तीला म्हणाला, "तू ती छत्रीवाली अॅक्शन बघितली होतीस ना आईची? आई, करून दाखव ना!"

मी ओट्याला टेकले.

"लाकडात काही नव्हतं," मी म्हटलं.

"कशात?"

"त्या फांदीत. मी टाकीत तुरटी टाकली होती. माहेरी जायच्या सकाळी. लिंबाएवढा खडा. यांनी नको म्हटलं होतं आधीच, तरी टाकली. खडा पडला तो काढला नाही. मासे वर येऊन तडफडत होते ते बघितलं, आणि कुलूप लावून गेले. तुझ्या वडिलांनी काही केलं नव्हतं."

समीरने पातेल्यावरून मान वर केली. मग त्याचं ते घरभर फिरणारं हसू सुटलं. "आई! म्हणजे आता नवीन शेवट? तीस वर्षांनी! तू ग्रेट आहेस!" हसत हसतच त्याने चिमट्याने फांदी उलटी केली, गॅस बारीक केला आणि वाळूच्या बादलीकडे परत गेला. बाहेरून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

त्याला काय म्हणणार? लोकांना हसायला मीच शिकवलं.

तृप्ती हसली नव्हती. ती कुकरला शिट्टी लावायची थांबली होती, शिट्टी हातातच. एकदा बाहेर बघितलं तिने, आणि जवळ आली.

"पप्पांना सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही गं."

तिने शिट्टी ओट्यावर ठेवली. कपाळाला आठी पडली, भाजीचा हिशेब करताना पडते तशी.

"पण आई, पाणी? ते संध्याकाळी घरी आले तोवर पाणी निवळलं असेल ना? एकदम नितळ? प्रयोगशाळेतला माणूस... ते दिसलं नसेल का पप्पांना?"

तुरटी विरघळली असेल, हे मी शंभर वेळा मनाशी म्हटलं होतं. खडा उरला नसेल. वास नसेल. कोणी बघितलं नसेल. पाण्याचं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

"दिसलं असणार," मी म्हटलं. "डोळे शेवटपर्यंत चांगले होते त्यांचे."